स्प्रिंगस्टीनचा 'लेटर टू यू' : तीन गाणी मधेच वेगळी का वाटतात?

अन्या_सांगलीकर

मंडळी नमस्कार, इथे पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

ब्रूस स्प्रिंगस्टीन म्हटलं की मला आत्तापर्यंत बाबांच्या कॅसेटवरचं 'डान्सिंग इन द डार्क' आणि 'बॉर्न इन द यूएसए' एवढंच माहीत होतं, ती कॅसेट पण अर्धी गुंडाळी झालेली. गेल्या आठवड्यात सांगली-पुणे एसटीत होतो, नेटला रेंज येत जात होती म्हणून आधीच एक अल्बम डाऊनलोड करून ठेवला होता, २०२० सालचा 'लेटर टू यू'. का हाच तर कव्हर आवडलं, बर्फात उभा असलेला म्हातारा, बास. माहिती काहीच वाचली नव्हती.

आता प्रश्न. पहिली तीन गाणी ऐकली, छान, सरळ बोलणं, एक म्हातारा माणूस गेलेल्या लोकांची आठवण काढतोय असं काहीसं. आणि चौथं गाणं लागलं 'जेनी नीड्स अ शूटर' तर मला वाटलं शफल चालू राहिलंय. शब्दच शब्द, एका ओळीत दहा गोष्टी कोंबलेल्या, माउथ ऑर्गन, आणि गाणं संपतच नाही. मग परत साधी गाणी. मग नववं 'इफ आय वॉज द प्रीस्ट', परत तोच प्रकार, येशू काय शेरीफ काय, मी कराडच्या पुढे येईपर्यंत डोकं खाजवत होतो. मग अकरावं 'साँग फॉर ऑर्फन्स', ते पण तसलंच. गायक तोच, बँड तोच, आवाज पण तोच घोगरा, पण लिहिणारा माणूस दुसराच कुणीतरी आहे असं सारखं वाटत राहिलं.

तर ही तीन गाणी दुसऱ्या कुणाची आहेत का? कव्हर आहेत का? आणि असली तर अशी मधेच का घातली?

---

पेटीमास्तर

अन्या, तुझे कान चांगले आहेत राव. काही न वाचता तीनच्या तीन बरोबर पकडलीस.

कव्हर नाहीत. त्याचीच आहेत, पण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची. म्हणजे तुला "दुसराच कुणीतरी" वाटला तो बावीस-तेवीस वर्षांचा ब्रूस आहे, आणि गातोय सत्तर वर्षांचा. बाकीच्या नऊपैकी बहुतेक गाणी २०१९ च्या आसपासची.

'प्रीस्ट'ची गोष्ट तर भारी आहे. २ मे १९७२, न्यूयॉर्क, कोलंबिया रेकॉर्ड्सचं ऑफिस, समोर जॉन हॅमंड. हा माणूस कोण तर ज्याने बॉब डिलनला साईन केलं, त्याच्याआधी बिली हॉलिडे. आणि आपला हिरो गेलाय दुसऱ्याची मागून आणलेली गिटार घेऊन, तिला धड केस पण नव्हती. त्या ऑडिशनला वाजवलेल्या गाण्यांपैकी हे एक. करार झाला, १९७३ च्या जानेवारीत पहिला अल्बम आला 'ग्रीटिंग्ज फ्रॉम ॲसबरी पार्क, एन.जे.', पण त्यात हे गाणं नाही! १९७४ ला 'द हॉलीज' या ब्रिटिश बँडच्या ॲलन क्लार्कने स्वतःच्या अल्बमवर घेतलं, पण ब्रूसने स्वतः ते ऑफिशियली काढलं २०२० मध्ये. हिशोब कर, ४८ वर्षं.

'जेनी'चं पण तसंच. बँडबरोबर करून बघितलं, ठेवून दिलं. मधे वॉरन झेव्हॉन हा गायक या गाण्याच्या नावाच्या मागेच लागला होता, त्याने १९८० मध्ये 'जीनी नीड्स अ शूटर' काढलं, दोघांच्या नावावर आहे, पण नाव सोडलं तर ते गाणं वेगळंच.

आता आत्ताच का काढली, तर तो जुन्या अप्रकाशित गाण्यांचा एक मोठा संच काढायचा म्हणून तिजोरी उपसत बसला होता, त्यात ही सापडली आणि त्याला वाटलं आपल्या बँडने ही आज वाजवली तर कशी वाटतील. एवढंच कारण. अर्थात "एवढंच" म्हणतोय पण माझ्या मते त्याच्यामागे अजून आहे, जेवून येतो आणि लिहितो.

---

वैतागराव

कारण मी सांगतो, तुम्ही जेवा.

नवीन गाणी कमी पडली. नऊ गाण्यांत अल्बम ३८-४० मिनिटांचा होतो, तीन जुनी लांबलचक घातली की तासाभराचा होतो. ही तीन अल्बममधली सगळ्यात लांब गाणी आहेत हा योगायोग नाही. एवढ्या वर्षांत ज्याला ती अल्बमवर घ्यावीशी वाटली नाहीत त्याला आता अचानक पाझर फुटला.

आणि खरं सांगायचं तर ती गाणी म्हणजे डिलनची नक्कल आहे. त्या काळात प्रत्येक गिटारवाला पोरगा यमकाची डिक्शनरी घेऊन बसायचा आणि येशू, वेश्या, जोकर, राजा सगळ्यांना एका ओळीत उभं करायचा. ब्रूसला स्वतःलाच ते कळलं होतं म्हणून तर त्याने नंतर लिहिणं बदललं. 'बॉर्न टू रन' १९७५ चं, बघा किती फरक आहे, आणि 'नेब्रास्का'पर्यंत तर शब्द इतके कमी की गाणं जवळजवळ गप्प बसतं. मोठा लेखक काय खोडतो त्यावरून कळतो. खोडलेलं परत छापायचं नसतं.

मला तो आवडत नाही असं नाही हां. 'द रिव्हर' माझ्याकडे एलपीवर आहे. म्हणूनच चिडतो.

---

पेटीमास्तर

जेवलो. वैतागराव, डिलनची नक्कल यात मी भांडणार नाही, ती आहेच. 'प्रीस्ट'मध्ये काय आहे तर येशू शेरीफच्या वेशात दारात उभा, बूट, टाचेला काटे, आणि व्हर्जिन मेरी दारूचा गुत्ता चालवतेय. कॅथलिक शाळेत नन्सचा मार खाल्लेल्या पोराने केलेली आगाऊगिरी आहे ती. आपल्याकडे एखाद्या वारकरी घरातल्या कार्ट्याने विठोबाला फौजदार करून चौकीत बसवावा तसलं. पण म्हणूनच मला ती गोड वाटते.

मुद्दा असा आहे की तुम्ही क्रम बघितलात का? मी काल परत ऐकताना कागदावर लिहून काढला.

चौथं 'जेनी', जुनं. त्याच्या लगेच पुढे पाचवं 'लास्ट मॅन स्टँडिंग'. नववं 'प्रीस्ट', जुनं. त्याच्या लगेच पुढे दहावं 'घोस्ट्स'. अकरावं 'ऑर्फन्स', जुनं. त्याच्या पुढे बारावं 'आय विल सी यू इन माय ड्रीम्स', आणि अल्बम संपला.

म्हणजे प्रत्येक वेळी आधी बावीस वर्षांचा पोरगा येऊन बडबड करून जातो आणि लगेच सत्तर वर्षांचा माणूस येऊन गेलेल्यांबद्दल बोलतो. तिन्ही वेळा! मिनिटं भरायला घातली असती तर कुठेही घातली असती, तिन्ही एकत्र शेवटी टाकून 'बोनस' म्हणाला असता.

आता 'लास्ट मॅन' कुणाबद्दल आहे ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. त्याचा पहिला बँड 'द कॅस्टील्स', १९६५ ते ६८, शाळकरी पोरांचा. त्यात जॉर्ज थीस नावाचा गायक-गिटारिस्ट, जो तेव्हा ब्रूसच्या बहिणीबरोबर फिरायचा आणि त्याच ओळखीतून ब्रूस बँडमध्ये शिरला. थीसने पुढे सुतारकाम केलं. २०१८ च्या जुलैमध्ये कॅन्सरने गेला, ब्रूस शेवटी भेटून आला होता. तो गेल्यावर लक्षात आलं की कॅस्टील्समधला आता आपण एकटाच उरलो. ड्रमर बार्ट हेन्स तर १९६७ लाच व्हिएतनामला मारला गेला होता. हा सगळा अल्बम तिथून सुरू झालाय. आणि ई स्ट्रीट बँडमधले (म्हणजे ब्रूसचा नेहमीचा बँड) दोघं, ऑर्गनवाला डॅनी फेडेरिची २००८ ला आणि सॅक्सवाला क्लॅरेन्स क्लेमन्स २०११ ला, ते आहेतच.

---

जर्सीचा_बोका

मी एडिसनला राहतो, न्यू जर्सी, म्हणजे इथे निम्मं पुणं आणि निम्मं गुजरात. फ्रीहोल्ड, ब्रूसचं गाव, आमच्याकडून रूट ९ ने अर्धा-पाऊण तास. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आम्ही नायगारा आणि बालाजी मंदिर दाखवतो, मी एकटाच येडा जो मेव्हण्याला फ्रीहोल्डला घेऊन गेलो. तो म्हणाला इथे बघायचं काय आहे. खरं आहे, काही नाही. एक मेन स्ट्रीट, चर्च, जुनी घरं, कधीकाळी गालिच्यांची गिरणी होती ती केव्हाच बंद पडली. इचलकरंजी-मालेगावच्या माणसाला लगेच ओळखीचं वाटेल असं गाव.

आणि गंमत म्हणजे ब्रूसच्या वडिलांनी काही काळ आमच्या एडिसनच्या फोर्ड कारखान्यात काम केलं होतं. तो २००४ ला बंद झाला, आता तिथे दुकानं आहेत. मी तिथून जाताना बायकोला दर वेळी सांगतो आणि ती दर वेळी "हो माहितीये" म्हणते.

हे सांगायचं कारण, हा अल्बम रेकॉर्ड झाला कोल्ट्स नेकला, त्याच्या घरच्या स्टुडिओत, आणि ते फ्रीहोल्डला लागूनच आहे. सगळ्या गाण्यांत गाव सोडून पळायची भाषा करणारा माणूस म्हातारपणी गावापासून दहा मिनिटांवर राहतो, हा विनोद तो स्वतः ब्रॉडवेच्या शोमध्ये करायचा. त्यामुळे ज्या भागात तो वाढला तिथेच ती जुनी गाणी ४७ वर्षांनी रेकॉर्ड केली. वैतागराव, पाझर लांबून नाही फुटलेला, विहीर घराजवळच होती.

२०२३ ला मेटलाईफ स्टेडियमला बघितला त्याला. सगळं स्टेडियम नाचून नाचून दमलेलं, आणि मधेच एकटा गिटार घेऊन उभा राहिला आणि थीसची गोष्ट सांगितली, मग 'लास्ट मॅन स्टँडिंग' म्हटलं, नुसती गिटार आणि शेवटी ट्रंपेट. अल्बमवर ते बँडसकट आहे, दणक्यात आहे, पण तिथे ऐकलं ते निराळंच. माझ्या पुढच्या रांगेत एक सत्तरीचे आजोबा बियरचा ग्लास खाली ठेवून टोपी काढून उभे होते. नंतर परत टोपी घातली आणि नाचले.

---

ठोकताल

मी ड्रम वाजवतो, पुण्यात लग्नात-ऑर्केस्ट्रात आणि जमलं तर आमच्या बँडमध्ये, त्यामुळे मला शब्दांचं फार कळत नाही, मी आवाजाचं बोलतो.

अन्या, तुला जुनी गाणी वेगळी वाटली पण "आवाज तोच" असं लिहिलंस ना, तेच महत्त्वाचं आहे. हा अल्बम नोव्हेंबर २०१९ मध्ये झाला, पाच दिवस ठरवले होते, चार दिवसांत काम संपलं आणि पाचव्या दिवशी बसून ऐकलं. सगळे एका जागी, एकदम वाजवतायत, गाणं पण त्याच वेळी. आजकाल असं कोण करतं? आमच्याकडे पण पहिले क्लिक (ठेक्याची टिकटिक) लावतात, मग मी एकटा काचेच्या खोलीत वेड्यासारखा वाजवतो, गायक महिन्याने येतो, मला माहीत पण नसतं गाणं काय आहे.

ब्रूस पण बरीच वर्षं घरी डेमो पूर्ण बनवून आणायचा आणि बँडने त्यावर वाजवायचं. या वेळी पियानोवाला रॉय बिटन म्हणाला डेमो करू नकोस, गाणं नुसतं घेऊन ये. मग गिटारवर एकदा म्हणून दाखवायचं, सगळ्यांनी वहीत कॉर्ड लिहून घ्यायचे आणि सुरू. गाण्याला तीन-एक तास. त्याच्यावर थॉम झिम्नीने ब्लॅक अँड व्हाईट डॉक्युमेंटरी केलीय, बघा, सत्तरीला टेकलेले लोक वहीत मान घालून बसलेत, चष्मे वरखाली करतायत, आणि वन टू थ्री फोर झालं की एकदम विशीतले.

आता जुन्या तीन गाण्यांबद्दल. मॅक्स वाइनबर्ग (ड्रमर) आणि बिटन दोघंही बँडमध्ये आले १९७४ ला. स्टीव्ह व्हॅन झांट १९७५, निल्स लॉफग्रेन तर ८४. म्हणजे १९७२ ला 'प्रीस्ट' लिहिलं तेव्हा आज वाजवणाऱ्यांपैकी ब्रूसच्या पहिल्या अल्बमच्या बँडमध्ये होता फक्त बासवाला गॅरी टॅलेंट. त्यामुळे हे जुनं गाणं जुन्यासारखं वाजवणं शक्यच नव्हतं, जुनं असं काही नव्हतंच, एकट्याच्या गिटारवरचा डेमो होता. त्यांनी ते ७५-७८ च्या ई स्ट्रीट बँडसारखं वाजवलंय, ऑर्गन पियानो दोन्ही भरून, जो साउंड गाणं लिहिलं तेव्हा जन्मालाच आला नव्हता! पोरग्याने कपडे शिवायला टाकले आणि शिंपी तीन वर्षांनी जन्मला असला प्रकार. 'जेनी'त मॅक्सचं स्नेअर (कडक आवाजाचा मुख्य ड्रम) ऐका हेडफोन लावून, तो काहीच करत नाही, नुसता एकेक टोला, पण काय जागेवर आहे. तरुणपणी वाजवलं असतं तर शंभर फिल (मधल्या करामती) मारले असते. मी मारले असते.

---

वैतागराव

ठोकताल, वाजवलंय छान यात वाद नाही. बॉब क्लिअरमाउंटनचं मिक्सिंग आहे, चांगलं असणारच. माझं भांडण लिहिण्याशी आहे.

आणि क्रमाचा मुद्दा... बघितला. बरोबर आहे, माझ्या लक्षात आला नव्हता. पण मग असं म्हणा की जुनी गाणी चांगली आहेत म्हणून नाहीत, तर जुनी आहेत म्हणून आहेत. आल्बममध्ये फोटो लावतात तसे लावलेत. बेलबॉटममधला फोटो कुणी चांगला दिसतो म्हणून लावत नाही.

(आणि नवीनातली सगळी ग्रेट आहेत असंही नाही. 'पॉवर ऑफ प्रेयर' हे नाव वाचूनच मी पुढे ढकलतो. 'रेनमेकर' मात्र जबरी, दुष्काळात पाऊस पाडतो म्हणून सांगणारा भोंदू आणि त्याला पैसे देणारे हताश लोक, हे मराठवाड्यातल्या माणसाला समजवावं लागत नाही.)

---

पेटीमास्तर

बेलबॉटमचा फोटो हे मला मान्य आहे हो, तोच तर मुद्दा आहे. पण त्याने फोटो रीटच केला नाही याचे मार्क द्या की! सत्तर वर्षांचा, ज्याला चार शब्दांत गाणं संपवता येतं, त्याने तो पसारा आवरलेला नाही, घोगऱ्या आवाजात श्वास पुरत नसताना प्रत्येक शब्द म्हटलाय. मी वयाच्या एकविसाव्या वर्षी लिहिलेल्या कविता सापडल्या तर पहिल्यांदा बंबात घालीन.

---

पंजाबमेल_८८

नमस्कार. मी वयाने इथल्या बहुतेकांपेक्षा मोठा आहे, टायपिंग हळू आहे, मुलगी हसते.

मी या बँडला क्लॅरेन्स क्लेमन्ससकट पाहिलेलं आहे. भारतात. ३० सप्टेंबर १९८८, दिल्ली, जवाहरलाल नेहरू स्टेडियम, ॲम्नेस्टीचा 'ह्यूमन राइट्स नाऊ' दौरा होता. स्टिंग, पीटर गेब्रिएल, ट्रेसी चॅपमन, युसू न्दूर आणि स्प्रिंगस्टीन. मी तेव्हा नोकरीला लागून वर्ष झालं होतं, दादरहून आम्ही तिघं पंजाब मेलने गेलो, रिझर्वेशन एकाचंच होतं, बाकीचे दोघं आळीपाळीने दाराशी. घरी ऑफिसचं काम आहे सांगितलं होतं.

सगळे एकत्र 'गेट अप स्टँड अप' म्हणाले ते आठवतं. आणि क्लॅरेन्स आठवतो, तो स्टेजवर नुसता चालत पुढे आला तरी लोक ओरडायचे, सॅक्स नंतर. त्यानंतर वर्षभराने ब्रूसने बँड मोडला, ८९ मध्ये एकेकाला फोन करून सांगितलं, दौऱ्यासाठी तो परत जमला थेट १९९९ ला. आम्हाला दिल्लीत याची काही कल्पना नव्हती.

त्या तिघांतले आता आम्ही दोघं आहोत. तिसरा कोविडमध्ये गेला, २०२१ च्या एप्रिलमध्ये. हा अल्बम २०२० च्या ऑक्टोबरमध्ये आला होता आणि त्यानेच मला लिंक पाठवली होती, खाली लिहिलं होतं "घोस्ट्स ऐक, सॅक्स पुतण्या वाजवतोय". जेक क्लेमन्स, क्लॅरेन्सचा पुतण्या. मी तेव्हा पूर्ण ऐकला नाही, नंतर बघू म्हटलं. नंतर ऐकला.

वैतागराव, तुमचा मुद्दा साहित्याच्या दृष्टीने बरोबर असेल. पण मला 'प्रीस्ट' ऐकताना शब्द ऐकूच येत नाहीत. मला दाराशी उभा असलेला एक बावीस वर्षांचा मुलगा दिसतो, भुसावळ यायच्या आधी, सिगारेट लपवून ओढणारा, आणि तो न थांबता बोलतोय. तो पण असाच बोलायचा, एका वाक्यात दहा गोष्टी.

---

जर्सीचा_बोका

काका 🙏

आणि एक, त्या २०२३ च्या दौऱ्यात शेवटचं गाणं 'आय विल सी यू इन माय ड्रीम्स' असायचं. बँड सगळा आत जायचा आणि हा एकटा गिटारवर ते म्हणायचा. जमलं तर लाईव्ह ऐका.

---

अन्या_सांगलीकर

बापरे, मी प्रश्न काय विचारला होता आणि मिळालं काय. पेटीमास्तर, क्रमाचं तुम्ही सांगितल्यावर परत ऐकला, या वेळी घरी, मोठ्या स्पीकरवर. बाबा पेपर वाचत बसले होते. 'जेनी' लागलं तेव्हा म्हणाले हा कोण नवीन पोरगा आहे. मी म्हटलं बाबा हा तुमच्या कॅसेटवरचाच. मग पेपर खाली ठेवून 'लास्ट मॅन' पूर्ण ऐकलं, काही बोलले नाहीत, आणि मग आत जाऊन ती गुंडाळी झालेली कॅसेट घेऊन आले आणि मला म्हणाले पेन दे.

पंजाबमेल काका, तुम्ही दिल्लीच्या कार्यक्रमाबद्दल वेगळा धागा काढा ना प्लीज, सविस्तर, रेल्वेसकट.

अजून एक, असाच दुसरा अल्बम आहे का त्याचा, जुनं-नवं मिसळलेला?

---

पेटीमास्तर

'हाय होप्स', २०१४. त्यात राहिलेली गाणी, जुन्या गाण्यांची नवी रेकॉर्डिंग आणि कव्हर असं सगळं आहे, टॉम मोरेलो गिटारवर. पण तो खरंच फ्रिजमधलं सगळं एकत्र करून केलेल्या मिसळीसारखा लागतो, तिथे वैतागरावांशी मी सहमत होईन. नुसतं जुनंच हवं असेल तर 'ट्रॅक्स', १९९८, चार सीडी, ६६ गाणी. आणि २०२५ ला 'ट्रॅक्स टू' आला, सात अख्खे न काढलेले अल्बम, ८३ गाणी. ही तीन गाणी शोधताना जी तिजोरी उघडली होती ती तीच म्हणायची. हळूहळू घे, एसटीत संपणार नाही.

---

वैतागराव

काल रात्री 'प्रीस्ट' परत ऐकलं, हेडफोन लावून, ठोकतालने सांगितलं म्हणून, आणि काकांनी लिहिलं म्हणून. ठीक आहे. ते एक राहू द्या.

'ऑर्फन्स' मात्र दोन मिनिटांनी कमी चाललं असतं. आणि 'पॉवर ऑफ प्रेयर' अजूनही स्किप.